सायनोची साय

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, पाळणाऱ्याच्या घरी आलेले पाहुणे ठरलेले दोन प्रश्न विचारतात. 'यात निमो कुठला?' आणि 'खर्च किती आला?' पहिल्याचं उत्तर बोट दाखवून देता येतं. दुसऱ्याचं देण्याआधी बायको आसपास नाही ना, हे बघावं लागतं. हल्ली तिसरा प्रश्नही यायला लागलाय: 'वाळूवर हे लाल काय साचलंय?'

ते सायनो. कागदोपत्री सायनोबॅक्टेरिया. शेवाळ म्हणून खपून जातं, पण जातीने जिवाणू. फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्यामुळे खाऱ्या पाण्याच्या टाकीत ते बहुतेकदा किरमिजी-लाल दिसतं. सकाळी दिवे लागायच्या आधी बघितलं तर वाळू बरीचशी पांढरी असते. दिवे तेजात आले की कोपऱ्याकोपऱ्यांतून रंग चढायला लागतो, आणि दुपारपर्यंत वाळूवर सलग साय धरते. सायीच्या आत बारीक बुडबुडे अडकलेले असतात. ते वर ओढ घ्यायला लागले की एखादा पापुद्रा कडेने सुटतो, उचलला जातो आणि तरंगत तरंगत नेमका सगळ्यात महागड्या प्रवाळावर जाऊन बसतो. रात्री दिवे गेले की पसारा पुन्हा आवरता. त्यामुळे ज्याला दाखवायला बोलवावं तो संध्याकाळी उशिरा येतो आणि म्हणतो, 'छान तर दिसतीय टाकी.'

आम्ही पर्थला राहतो. इथे पाण्याची एक गंमत आहे. शहराच्या दक्षिणेला क्विनानाला 2006 साली समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून आमच्या नळाच्या पाण्यात मीठ काढून टाकलेल्या समुद्राचाही वाटा असतो. ते पाणी मी घरच्या आरओ फिल्टरमधून पुन्हा एकदा गाळतो आणि मग बादलीभर विकतचं मीठ घालून त्याचा परत समुद्र करतो, लिटरला सुमारे 35 ग्रॅम. खरा हिंदी महासागर घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. हा उद्योग आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि 'जेवायला चल' म्हणाली.

सायनो आलं की सल्लेही येतात. सर्वात लोकप्रिय सल्ला म्हणजे गोगलगायी सोडा. काचेवरचं हिरवं शेवाळ ट्रोकस गोगलगाय मन लावून खाते, पण सायनोला सहसा तोंड लावत नाही. ती त्या सायीवरून निवांत जाते आणि मागे पांढरी रेघ उमटते. आपण खूश होतो की बाई कामाला लागल्या. रेघ खाल्ल्याची नसते, सरकल्याची असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत.

दुसरा उपाय अंधाराचा. तीन दिवस टाकीला चादर गुंडाळून ठेवायची. प्रवाळं एवढं सोसतात, सायनो हडकतं, चौथ्या दिवशी वाळू लख्ख दिसते. पण ज्या अन्नावर ते माजलं होतं ते पाण्यातच असतं, मग काही आठवड्यांत जैसे थे.

तिसरा उपाय औषधाचा. सायनो मुळात जिवाणू असल्यामुळे एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक त्याला लागू पडतं, आणि चांगलंच लागू पडतं. धोका त्यानंतर असतो. एवढी साय एकदम मेली की ती सडताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते. रात्री हवेचा पंप चालू नसेल तर सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात. शिवाय प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, असा फेसाळतो की खालचं कपाट पुसत बसावं लागतं. मला हा उपाय आवडत नाही. माणसांच्या आजारावरचं औषध वाळू गोरी दिसावी म्हणून ओतायचं, हे मनाला पटत नाही. पण कुणाची अख्खी टाकी लाल झाली असेल, प्रवाळं गुदमरत असतील आणि त्याने ते वापरलं, तर मी नाक मुरडणार नाही.

माझी भिस्त नळीवर. बोटाएवढ्या जाडीची प्लास्टिकची नळी, एक टोक टाकीत, दुसरं बादलीत. टोक वाळूच्या किंचित वर धरायचं. खाली टेकलं की वाळू ओढली जाते, फार वर राहिलं की पापुद्र्याचे तुकडे होऊन घरभर, म्हणजे टाकीभर, उधळतात. बरोबर उंची साधली की साय अख्खी सुटते, गुंडाळी होत नळीत शिरते आणि नळीतून लाल पट्टी सरकताना दिसते. या कामात एक आसुरी समाधान आहे. बादलीला मात्र तुंबलेल्या गटाराचा वास येतो आणि ती बाथरूममध्ये ओतायला आमच्याकडे बंदी आहे.

नळीने लक्षण जातं, कारण उरतं. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक: कुठेतरी प्रवाह पोचत नाही, किंवा अन्नाचा तोल गेलाय. प्रवाहाचं सोपं आहे, वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा छोटा पंप, थोडा फिरवायचा. तोलाचं प्रकरण उलट्या डोक्याचं आहे. या छंदातली माणसं नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खत, शून्यावर आणण्यासाठी जिवाचं रान करतात. चाचणीच्या कुपीतलं पाणी रंगहीन राहिलं की फोटो काढून मित्रांना पाठवतात. पण सायनोच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरू शकतात. नायट्रेट संपल्यावर इतर शेवाळं उपाशी मरतात आणि फॉस्फेट या दुसऱ्या खताचं ताट यांच्यासाठी मोकळं होतं. आपण घासून पुसून घर रिकामं करायचं, ते यांच्या सोयीसाठी. म्हणून आता दुकानातून बाटलीतलं नायट्रेट विकत आणून थेंबाथेंबाने टाकीत सोडावं लागतं. ते काढून टाकणारी भुकटीही त्याच दुकानात, त्याच फळीवर मिळते.

एवढं वैर धरायचं, पण कोणाशी? सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला, तो यांच्याच पूर्वजांच्या कृपेने. त्याआधी समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. ऑक्सिजन मिळाल्यावर ते गंजून तळाशी बसलं, असं बऱ्याच भूशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. त्या गंजाचे थर म्हणजे आमच्या उत्तरेकडचे पिलबाराचे लाल डोंगर. पर्थमधल्या निम्म्या ओळखीच्या लोकांसारखा मीही लोहखनिजाच्या धंद्यात नोकरीला आहे. तेव्हा पगार सायनोचा, आणि त्या पगारातून नळ्या, बाटल्या, कुप्या कशासाठी, तर सायनो हटवायला.

आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला लेक क्लिफ्टनला नेलं होतं. पर्थपासून दक्षिणेला तास-सव्वा तासावर, यालगोरप नॅशनल पार्कमध्ये. काठाजवळच्या पाण्यात गोल, बुटक्या दगडांची लांबच लांब रांग आहे. हे थ्रॉम्बोलाइट, सायनोसारख्या सूक्ष्मजीवांनी कणाकणाने रचलेले. वरून चालायला लाकडी पूल आणि पुलावर माहितीच्या पाट्या. याच कुळातले याहून नामांकित दगड, स्ट्रोमॅटोलाइट, उत्तरेला शार्क बेच्या हॅमेलिन पूलमध्ये आहेत, 1991 पासून जागतिक वारशात. तिथलं पाणी समुद्राच्या दुप्पट खारट आहे. त्यामुळे त्यांना कुरतडणाऱ्या गोगलगायी तिकडे फिरकत नाहीत. वाढ म्हणाल तर वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. पूर्वी लोकरीचे गठ्ठे बोटींपर्यंत नेणाऱ्या गाड्यांची चाकं त्यांच्यावरून गेली, ती चाकोरी अजून तशीच दिसते.

हे सगळं मी उत्साहाने सांगत होतो. आईने कठड्यावरून वाकून पाहिलं.

"एवढ्यासाठी आलो होय रे? असले शेवाळलेले दगड कृष्णेच्या घाटावर फुकट आहेत."

मग पाटी पुन्हा एकदा माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे सरकारनं यांच्यासाठी पूल बांधलाय, आणि तू घरी यांना बादलीत ओढतोस?"

माझ्या टाकीतली जात वेगळी आहे, असं मी म्हणून पाहिलं. खानदान तेच ना, असं तिने विचारल्यावर विषय संपला. लेक क्लिफ्टनचं दुखणंही आमच्याच पद्धतीचं आहे, हे मी तिला सांगितलं नाही. आजूबाजूच्या जमिनीतून झिरपणारी खतं आणि वाढता खारटपणा, यांनी ते दगड धोक्यात आलेत. तिथल्या पाण्याचा तोल सांभाळायला बाटली मिळत नाही.

सध्या आमच्याकडे नायट्रेट पाच पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत पाच भागांच्या, आसपास आहे. कुपीतलं पाणी गुलाबी होतं आणि मी तो फोटो कुणाला पाठवत नाही. वाळू बरीच स्वच्छ आहे. डाव्या खडकामागचा तळहाताएवढा कोपरा तेवढा लाल राहतो. तिथे वेव्हमेकर वळवला तर वाळू उडून शेजारच्या ब्रेन कोरलच्या अंगावर पडते आणि ते दिवसभर फुगत नाही. म्हणून तो कोपरा सायनोला दिलाय. शनिवारी पाणी बदलताना नळी तिकडेही फिरवतो, पण वरवर.