आळशी साग

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या पलीकडचं सागाचं तरुण रोपवन तांबेऱ्यानं भरलं होतं. पान उलटलं की खाली हळदीसारखी भुकटी, वरून तोच भाग राखाडी, करपल्यासारखा. संध्याकाळपर्यंत माझी ओढणी पिवळी. हा तांबेरा आणणारी ओलिव्हिया टेक्टोनी ही बुरशी आपल्याकडे जुनीच, त्यामुळे तिचं कुणाला फारसं काही वाटत नाही. पण २००३ च्या सुमारास ती मध्य अमेरिकेतल्या सागावर दिसली, २००९ मध्ये ब्राझीलमध्ये. आणि तिला दाद न देणाऱ्या झाडांचा शोध जोरात सुरू झाला.

मीही तेच शोधत होते आणि सातव्या ओळीत ते उभं होतं! आजूबाजूच्या झाडांनी खालची पानं गाळलेली, मधलं एकच हिरवंगार. वीस पानं भिंगाखाली पाहिली. दोन-चार ठिपके, बस. फांद्या शेजारच्यांत घुसलेल्या, म्हणजे बीजाणू, बुरशीचं बी, पोचलेच नाहीत असंही नाही. तिथूनच माझ्या संशोधनाच्या गाईडना फोटो टाकला, "प्रतिकारक झाड मिळालं." रेंज नेमकी तेव्हाच आली, हे माझं दुर्दैव.

डीएनएसाठी शेंड्याची कोवळी पानं तोडून सिलिका जेलच्या पुड्यांत भरत होते. सोबतची वनमजूर मावशी बराच वेळ बघत होती.

"कावून जी मॅडम, याच झाडाचे येवढे पानं कायले तोडता?"

सांगितलं.

"त्याले रोग कसा लागन? आळशी झाड हाये ते. बाकीचे मिरगात फुटते, हे आखाडी झाल्यावर. दरसाल म्हयनाभर मांगंच राह्यते."

ती या रोपवनात पहिल्या वर्षापासून निंदणीला येते. मी तिसऱ्यांदा आले होते, तिन्ही वेळा दिवाळीनंतर.

तांबेरा जून पानावर माजतो. या झाडाची पानंच महिनाभर लहान, म्हणजे रोगाला तेवढा वेळ कमी मिळालेला. रोग चुकवणं वेगळं आणि रोगाशी लढणं वेगळं, हे मी वर्गात दोन वर्षं शिकवलंय!

तरी खात्री हवी होती. त्या झाडाची आणि शेजाऱ्यांची सारख्या वयाची पानं घेतली, चकत्या कापून ओल्या टिपकागदावर ठेवल्या, वर बीजाणूंचं पाणी फवारलं. पंधरवड्यात सगळ्या चकत्या सारख्याच पिवळ्या. गाईडना दुसरा मेसेज करायला मला दोन दिवस लागले.

पुड्या मात्र टाकल्या नाहीत. उशिरा फुटणंही वंशातून येऊ शकतं, आणि तसं असेल तर तेही कामाचंच. त्या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, दुसऱ्या रोपांवर बांधून दहा कलमं केलीत, शेजाऱ्यांचीही दहा, सगळी एकाच रोपवाटिकेत शेजारीशेजारी. येत्या मिरगात सगळी बरोबर फुटली तर तो त्या जागेच्या मातीचा गुण. ही दहा मागं राहिली, तर आळस रक्तातला.