तुम्ही विचारलंत म्हणून : वाड्याचा इतिहास शेजाऱ्यांच्या कागदांत

‘आमचा वाडा कुणी बांधला, कधीचा आहे, हे कसं शोधायचं?’ पुण्याच्या पेठांमधल्या भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या घरांतली माणसं हे नेहमी विचारतात, आणि बहुतेकांना थेट पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांच्या संग्रहात जायचं असतं. तिथे शेवटी जा. आधी डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडे जा.

कारण चतुःसीमा. जुन्या खरेदीखतात, गहाणखतात, वाटणीपत्रात मिळकतीच्या चारही बाजूंना कोणाची घरं आहेत ते नावानिशी लिहिलेलं असतं. तुमचे कागद गहाळ झाले असले (नदीकाठच्या पेठांत पुष्कळांचे 12 जुलै 1961च्या पानशेतच्या पुरात गेले), तरी शेजाऱ्याच्या खतात ‘पश्चिमेस अमुक यांचे घर’ म्हणून तुमचा वाडा सापडतो. मात्र एकाच खतावर विसंबू नका. लेखनिक पुष्कळदा आधीच्या खतातली चतुःसीमा तशीच उतरवून घेत, त्यामुळे घर विकून गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या खतातही राहून जातं. दोन वेगवेगळ्या बाजूंच्या कागदांत तेच नाव आलं, तर धरा.

शेजाऱ्यांकडे जाताना पहिल्या वाक्यातच सांगा की हक्काचा प्रश्न नाही, मूळ कागद नको, फक्त चतुःसीमेच्या पानाचा फोटो हवा. पुनर्विकासाच्या बोलण्यांमुळे लोक धास्तावलेले असतात आणि ती धास्ती रास्त आहे. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंनाही विचारा. मालकापाशी नसलेल्या भाडेपावत्या त्यांच्या ट्रंकेत असतात, आणि पावतीवर त्या साली भाडं कोण घेत होतं ते नाव असतं.

सोबत नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (घराच्या हक्काची सरकारी नोंद) काढा, आपली आणि लागून असलेल्या सगळ्या घरांची. सिटी सर्व्हे नंबर आणि महापालिकेचा घर नंबर वेगळे असतात. तिथे गोंधळ झाला की भलत्याच घराचा इतिहास हाती येतो. पत्रिकेवरचा पहिला धारक म्हणजे वाडा बांधणारा नव्हे. भूमापनाच्या चौकशीत ज्याचा हक्क दिसला, त्याचं ते नाव. फेरफाराची, म्हणजे धारक बदलल्याच्या नोंदीची तारीखही नोंद केल्याची असते; वारसांची नावं कधीकधी पंधरा-वीस वर्षांनी लागतात.

नावांत फार काळजी घ्या. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे रामचंद्र गोविंद, गोविंद रामचंद्र आणि पुन्हा रामचंद्र गोविंद अशी साखळी चालते. दोन रामचंद्र एकच समजलात, की दोन पिढ्या नाहीशा होतात. खरेदीखत दिसलं म्हणून वाडा विकला गेला असंही नाही. मुदतखरेदी (ठरल्या मुदतीत पैसे फेडले की घर परत, अशा अटीची विक्री) हे पुष्कळदा कर्जाचंच रूप असे, आणि काही वर्षांत घर पुन्हा त्याच घराण्याकडे येई.

विसाव्या शतकातले कागदही मोडी लिपीत असू शकतात, तेव्हा वाचणारा गाठा. भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करता येईल. तारखा मात्र स्वतः ताडून पाहा. इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79. फसली या महसुली सनात 590 किंवा 591, जुन्या कागदांतल्या सुहूर सनात 599 किंवा 600. सुहूर सन अरबी शब्दांत असतो : पानिपतचं साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे 1161, लढाई जानेवारीतली, म्हणून 600 मिळवून 1761.

जुन्या कागदात घराचं माप खणांत असतं; खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. त्याचे फूट करत बसू नका, कारण खण घराघरात कमी-जास्त असतो. खांब मोजा. कागदात सोपा (ओसरी) पाच खणांचा आणि आज तीनच खण उभे असतील, तर उरलेले दोन बहुधा वाटणीत शेजारी गेले किंवा रस्तारुंदीत पडले. मधली भिंत पाहा : दोन्ही घरांच्या तुळया तिच्यात शिरत असतील तर ती सामाईक असण्याची शक्यता जास्त, भिंतीत बुजवलेली चौकट दिसली तर दोन्ही घरं कधीतरी एक असावीत. गिलावा मात्र खरवडू नका, पांढऱ्या मातीचं बांधकाम त्याच्या आधारावर पाणी सोसतं. कौलांवरच्या आकड्यानेही फसू नका. बासेल मिशनच्या मंगळुरी कौलावरचं 1865 हे कारखान्याचं स्थापनावर्ष आहे, कौल भाजल्याचं नव्हे. शिवाय कौलं बदलली जातात, लाकडी सांगाडा बराच जुना असू शकतो.

एवढं जमल्यावर पेशवे दफ्तर जिथे आहे त्या, कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात जा. ‘आमचा वाडा’ या नावाने हजारो रुमालांतून (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून) काही निघत नाही. घराण्याचं नाव, पेठेचं तेव्हाचं नाव (गुरुवार पेठ ही आधी वेताळ पेठ होती) आणि दहा-वीस वर्षांचा टप्पा लिहून न्या, आणि त्यात शेजारच्या घराण्यांचीही नावं घाला. तुमचा पूर्वज सरकारदरबारी कधी गेलाच नसेल, पण भिंतीवरून किंवा पन्हाळीच्या पाण्यावरून तक्रार घेऊन शेजारी गेला असू शकतो.