तुम्ही विचारलंत म्हणून: सिगारेट कार्डावरची नटी अस्सल की नकली?

"जुन्या पेटीत सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड सापडलं, नाटकातल्या नटीचा फोटो आहे. अस्सल आहे का?" उत्तरासाठी नटीचं नाव शोधत बसू नका. आधी दहापट भिंग तिच्या गालावर धरा.

कागदी पाकीट चेपू नये म्हणून हा पुठ्ठा घालत. लिव्हरपूलच्या ऑग्डेन कंपनीच्या 'गिनी गोल्ड' कार्डांवर १८९०च्या दशकापासून खरेखुरे फोटो असत, मागची बाजू कोरी. भिंगाखाली छापील चित्रासारखा ठिपका दिसत नाही, सावली सलग उतरत जाते. खालचं कंपनीचं नावही फोटोतलंच असतं, त्यामुळे त्यावर शाई चढलेली दिसत नाही.

ठिपके दिसले म्हणून लगेच निराश होऊ नका. हिंदुस्थानात खपणाऱ्या विल्स या ब्रिटिश कंपनीच्या कैची छाप सिगारेटींतही नटींची कार्डं येत, ती छापील. पण एकरंगी चित्राचे ठिपके एकाच शाईचे हवेत. तपकिरी चित्रात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके मिसळलेले दिसले तर ती अलीकडची नक्कल समजा. मग अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५०नंतर आलं. मात्र कुणी कार्ड साबणाच्या पाण्यात धुतलं असेल तर अस्सलही चमकतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

फोटोकार्डाच्या कडेला, गडद भागात, निळसर चंदेरी झाक येते. ओल आणि दूषित हवेमुळे चित्रातली चांदी पृष्ठभागावर येते, त्याची ती खूण. छापील नकलेत ती येत नाही, म्हणून आम्हाला ती दिसली की बरंच वाटतं. कृपया पुसू नका. झाकेबरोबर नटीचा चेहराही जाईल.

अल्बमला चिकटलेलं फोटोकार्ड वाफेवर धरू नका. फोटो ज्यात असतो तो जिलेटिनचा थर फुगतो आणि सुटतो. अल्बमचं पानच कार्डाभोवती कापून घ्या.

कार्ड ठेवायला पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं नकोत, कालांतराने ती चिकट होतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओलावलेलं जिलेटिन प्लास्टिकलाही चिकटतं, म्हणून बंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि दमट दिवसात डबा उघडू नका.