सागाच्या रानात सुयांचं गणित

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, सागाच्या रानात एप्रिलमध्ये झाडांवरचं पान मोजायचं यंत्र घेऊन उभी होते. मोहफुलं वेचणाऱ्या एका मामींनी विचारलं, "पानं तं सारे गळले, मंग का मोजून राहिली वं?" प्रश्न चोख होता.

आमचं यंत्र मुळात पान बघतच नाही. फिशआय, म्हणजे चहूकडचं आभाळ एकदम टिपणाऱ्या भिंगातून ते पाच वर्तुळांत उजेड मोजतं; वर्तुळांचे मध्य थेट डोक्यावरच्या बिंदूपासून ७, २३, ३८, ५३ आणि ६८ अंशांवर. एक वाचन उघड्यावर, शेताच्या धुऱ्यावर घ्यायचं, दुसरं झाडांखाली. किती उजेड अडला त्यावरून जमिनीच्या एका चौरस मीटरवर किती चौरस मीटर पान आहे, हे निघतं. यंत्र फक्त ४९० नॅनोमीटरखालचा निळा उजेड घेतं, कारण तो पान जवळजवळ सगळा गिळतं. थेट ऊन नको, म्हणून दिवस उगवायच्या आत जायचं. मोहाच्या दिवसांत त्याच वेळी अस्वलंही झाडाखाली असतात, हे मात्र मॅन्युअलमध्ये नाही!

या विषयावर वाचायला बसलं की निम्मी भांडणं पाइन आणि स्प्रूसची, म्हणजे सुईसारखी पानं असलेल्या सूचिपर्णी झाडांची. सुईला सपाट बाजूच नाही, तर तिचं क्षेत्रफळ धरायचं कसं? १९९२ मध्ये चेन आणि ब्लॅक या संशोधकांनी सुचवलं, एकूण पृष्ठभागाचं निम्मं धरा. ते रुळलं. खरी पंचाईत पुढे आहे. पानं कशीही विखुरलेली आहेत असं गणित धरून चालतं, आणि सुया तर डहाळीवर गच्च दाटलेल्या. झाडूच्या काड्या अंगणात सुट्या पसरल्या तर बरीच जमीन झाकतात, मोळी बांधली तर थोडी. काड्या तेवढ्याच. यंत्राला मोळीची सावली दिसते, म्हणून सूचिपर्णी जंगलात आकडा कमी येतो. मग डहाळ्या तोडून, प्रयोगशाळेत सुयांचं क्षेत्रफळ आणि डहाळीची सावली यांचं गुणोत्तर काढून दुरुस्ती करावी लागते. रानातला दाटपणा मोजायला ट्रॅक नावाचं वेगळं यंत्र आहे. त्याला उलट ऊनच लागतं.

शिवाय खोड-फांद्याही उजेड अडवतात, आणि यंत्राला लाकूड कोणतं, पान कोणतं, ते कळत नाही. मामींना मी तेच सांगितलं: आत्ता लाकूड मोजते आहे. इथे साग आम्हाला सवलत देतो. दरवर्षी सुया गाळणाऱ्या लार्चसारखे अपवाद सोडले तर सूचिपर्णी झाडं कधी उघडी होतच नाहीत. तरी एप्रिलचा आकडा पावसाळ्यातल्या आकड्यातून सरळ वजा करता येत नाही. भर पानांत बऱ्याच फांद्या पानांमागेच लपलेल्या असतात.

माझा जास्त भरवसा गळणारं पान धरायला झाडांखाली बांधलेल्या जाळ्यांवर आहे. सागाचं वर्षाचं पान वर्षातच खाली येतं. ते जाळीत धरलं की हिशेब जवळपास पुरा. स्प्रूसच्या सुया कित्येक वर्षं झाडावर राहतात, तिथे एका वर्षाच्या जाळीतून पुरं उत्तर निघत नाही. डिसेंबरात जाळ्या बांधायच्या आहेत. जाळीतला पालापाचोळा खताच्या खड्ड्यात टाकू नका, एवढं गावात आत्ताच सांगून ठेवलंय.