व्हॅनगार्ड गुहेत छेद नोंदवताना

जिब्राल्टरच्या पूर्व कड्याखालील व्हॅनगार्ड गुहेत उत्खननाच्या एका हंगामात काम करायची संधी मिळाली, तेव्हा आधी कुठे खणायचे हे समुद्रानेच ठरवून ठेवले होते. २०१६ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या गोरहॅम गुहासमूहातील ही गुहा आहे. तिच्यात मुख्यतः वाऱ्याने आणलेल्या वाळूचे सुमारे १७ मीटर जाडीचे निक्षेप आहेत. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली असताना गुहेसमोर साडेचार किलोमीटरपर्यंत मैदान होते. आज जोराचा पूर्ववारा सुटला की लाटा थेट निक्षेपांच्या पायथ्याशी येतात, तिथली वाळू निसटते आणि वरचे थर आधाराविना ढासळतात.

म्हणून आतील अधिक आकर्षक भाग सोडून आम्ही काठावरच्या उघड्या छेदापासून, म्हणजे थर दिसणाऱ्या उभ्या भिंतीपासून, सुरुवात केली. कोरडी वाळू थापी लागताच घरंगळत असल्यामुळे छेदावर पाण्याचा बारीक फवारा मारून, थरांचे रंग स्पष्ट झाल्यावर छायाचित्र, रेखाटन आणि टोटल स्टेशन या अंतर-कोन मोजणाऱ्या यंत्रावरील मोजणी, या क्रमाने नोंद करायची आणि ती पूर्ण झाल्याशिवाय काहीही काढायचे नाही, असा दंडक होता. हा क्रम कंटाळवाणा वाटतो, पण कोसळलेल्या वाळूत सापडलेले हत्यार कोणत्या थराचे होते हे नंतर सांगता येत नाही. कालमापनासाठी वाळूचे नमुने पोलादी नळी छेदात ठोकून घेतले आणि लगेच काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, कारण वाळू शेवटची उजेडात आल्यापासून तिच्या कणांत साठलेला संकेत पुन्हा उजेड लागताच पुसला जातो. चुलींचे काळपट पट्टे मात्र खणून न काढता प्लास्टरच्या पट्ट्यांनी बांधून ठोकळ्यांच्या रूपात उचलले. त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर राख जागीच होती की वाहून आली, हे कळते.

काढलेली सगळी वाळू पाण्याने चाळायची होती आणि बहुतेक वेळ त्यातच गेला. निअँडरथल या नामशेष मानवाने इथे शिंपले भाजले, सील आणि डॉल्फिनचे मांस खाल्ले, हे याच गुहेतील पूर्वीच्या उत्खननांतून सिद्ध झाले आहे, आणि त्यासाठी हाडे टिकणे आवश्यक होते. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडे सहसा विरून जातात. इथल्या चुनखडकाने ती राखली, याचा मला थोडा हेवाच वाटला.

हंगामाच्या अखेरीस नवा छेद जुन्या रेखाटनावर ठेवून काठ किती मागे सरकला हे मोजले, आणि पुढच्या हंगामातील खणतीचा क्रम त्यावरूनच लावला.