हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: कातळावरची रेघ

माघ वद्य तृतीया

तृतीयेची पाऊणपट म्हणजे सव्वादोन. पूर्ण भरती रात्री सव्वादोनला, त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटी साडेआठच्या आसपास. कोकणातला हा जुना हिशोब हरिहरेश्वरच्या डोंगराला वळसा घालायला निघण्याआधी करायचाच. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा भरतीचा तास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे जमतं. मात्र तिथीचा क्षय-वृद्धी झाला, किंवा अष्टमी-नवमीच्या भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे दिवस असले, की अंदाज बराच चुकतो. दिवस ठरवायला पाऊणपट पुरते, पाय खाली ठेवायला त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ताच हवा. तक्त्यात वेळेइतकीच उंचीही पाहावी. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत, एकीत कातळाचा ओटा दूरवर उघडा पडतो, दुसरीत निम्माही पडत नाही.

या वाटेला सगळ्यात चांगल्या तिथी द्वितीया ते चतुर्थी. पौर्णिमा-अमावस्येनंतरचे एकदोन दिवस उधाण टिकून असतं, त्यामुळे ओहोटीही खोल जाते आणि नेमकी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. खुद्द पौर्णिमेला ती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. संध्याकाळची ओहोटी गाठायला गेलं तर परतीला काळोख आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम. तसं करू नये.

आज निघण्याची वेळ साडेसात. रिवाज असा, की आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. दर्शनाला रांग असेल तर प्रदक्षिणा आधी उरकावी. रांग थांबते, पाणी थांबत नाही. वाट फार लांबीची नाही, पण दीड-दोन तास धरावेत, आणि समुद्राकडचा भाग ओहोटीच्या आधीचा एक तास व नंतरचा एक तास, एवढ्यातच पार व्हावा. कारण साधं आहे. ओहोटी ते भरती या सहा तासांत पाणी जेवढं चढतं त्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. पहिल्या तासात काहीच हललं नाही असं वाटतं आणि माणूस फोटो काढत रेंगाळतो. तिसऱ्या तासात मागची वाट बुडालेली असते. इथे माणसं वाहून गेली आहेत, ती बहुतेक वेळा पोहायला उतरलेली नसतात.

देवळामागून पायऱ्या चढतात आणि मग डोंगराच्या अरुंद घळीतून थेट समुद्राकडे उतरतात. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, हात मोकळे हवेत. पिशवी पाठीवर, लिटरभर पाणी आत. गुळगुळीत तळाची रबरी चप्पल इथे घात करते. बरेच जण अनवाणी जातात, त्यांनी कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या धारेपासून तळवे जपावेत. घळ संपते तिथे शेवटच्या पायऱ्यांवर दहा-पंधरा मिनिटं थांबून नुसतं पाहावं. सगळ्यात मोठी लाट कुठवर येते आणि कुठला दगड ओला करून जाते, ते कळल्याशिवाय खाली उतरू नये. तक्त्यात फक्त भरती-ओहोटी असते, लाटा नसतात. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेले लोट इथे वारा पडलेला असतानाही येऊन आदळतात. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था त्यांचे इशारे देते, ते आदल्या दिवशी वाचावेत. पावसाळ्यात या वाटेचा विचारच नको.

डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या. आणि आता कातळ.

सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, तेच थर इथे समुद्रात उतरलेले आहेत. घाटात ते आडवे दिसतात. किनाऱ्याजवळ पश्चिमेकडे कललेले असतात. लाटांनी डोंगराचा पायथा खात खात मागे ढकलला आणि मागे जो सपाट ओटा उरला, त्याच्यावरून ही वाट जाते. ओट्यातले गोल खळगे निघोजच्या रांजणखळग्यांचेच भाऊबंद. तिथे कुकडीचं पाणी दगड फिरवतं, इथे लाट.

डोंगराच्या भिंतीवरची खळग्यांची जाळी मात्र लाटांनी कोरलेली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते काम मिठाचं. खारे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण कण सुटतो. एकदा खळगा पडला की आत सावली आणि ओल टिकते, म्हणून आतला भाग आणखी झिजतो आणि मधल्या भिंती उरतात. मधाच्या पोळ्यासारखी ती नक्षी पाहताना हात लावायचा मोह होतो. लावू नये. त्या पातळ भिंती वजन पेलत नाहीत. पाणी चढलं म्हणून जाळीला धरून वर चढू पाहणारा तिच्यासकट खाली येतो.

हाच कातळ पाण्याची उंचीही सांगतो. सगळ्यात खाली हिरवं शेवाळ, त्यावर पाय ठेवूच नये. त्याच्या वर कालवं आणि पांढरट खरखरीत कवचं. पकड चांगली, पण भरतीला हा पट्टा पाण्याखाली असतो. त्यावर काळा, सुकल्यावर राखाडी दिसणारा आणि ओला झाला की तेलकट होणारा थर, तिथवर लाटा पोचतात. त्याच्याही वर कोरडा दगड आणि जाळी, तिथे फक्त तुषार. आपण कुठल्या पट्ट्यात उभे आहोत हे दर पाच मिनिटांनी पाहावं. डोक्याच्या उंचीवर कालवं दिसली, तर भरतीला तिथे पुरुषभर पाणी असतं.

उशीर झालाच तर पुढचं वळण घाईने गाठू नये. आलेल्या वाटेने पायऱ्यांकडे फिरावं. तीही बुडाली असेल तर काळ्या पट्ट्याच्या वर, जिथे रुंद आणि पक्कं पाऊल ठरेल तिथे, समुद्राकडे तोंड करून थांबावं आणि कोणीतरी वर कळवावं. थांबणं म्हणजे सात-आठ तास, हे मनाशी धरूनच. पाठ कधीही लाटेकडे नको.

नऊच्या सुमारास खळग्यांतलं साचलेलं पाणी पुन्हा हलायला लागतं. ओट्याच्या कडेची भेग आधी फसफसते, मग भरते. तेव्हा वाळूवर पोचलेलं असावं.

उद्या संकष्टी. ओहोटी सव्वानऊला, प्रदक्षिणेला गर्दी. घळीत एका वेळी एकच माणूस नीट उतरतो, चढणाऱ्याला थांबावं लागतं. अर्धा तास तिथेच जाईल. निघायचं तर पावणेआठला.