पाणपोई लावणं आणि पाणपोई चालवणं

अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे उदककुंभाचं दान करतात. त्याच सुमारास इंदूरच्या चौकाचौकांत पाणपोया लागतात. इथं सगळे त्यांना प्याऊच म्हणतात. शाळांची स्काऊट-गाईड पथकंही त्यात असतात. पहिल्या दिवशी हार, नारळ, फोटो आणि पस्तीस-चाळीस मुलं. नवव्या-दहाव्या दिवशी जाऊन बघावं तर माठ तळाला गेलेला, ओगराळं टेबलावर आडवं, त्यावर माश्या, आणि दोनच मुलं कशीबशी उभी. मग मोठी माणसं म्हणतात, पोरांचा उत्साह ओसरला. हे मुलांवर अन्याय करणारं आहे. पाळ्या ठरलेल्या नसतात, पेले धुवायला पाणी कुठून येणार हे कुणी विचारलेलं नसतं, आणि पाणी भरायचं काम त्याच त्या दोन धट्ट्याकट्ट्या मुलांवर पडलेलं असतं. मृग लागेपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, पाणपोई टिकवायची असेल तर हिशोब आधी करावा लागतो.

सुरुवात माणसांपासून. भारत स्काऊट्स अँड गाईड्सच्या रचनेत एका टोलीत सहा ते आठ मुलं आणि पथकात जास्तीत जास्त ३२. चार टोल्या असतील तर एका टोलीची पाळी चौथ्या दिवशी येते, आणि सुट्टीत एवढं कुठल्याही घराला झेपतं. रोज सगळ्यांना बोलावू नये. जिथं वीस मुलं असतात तिथं काम चार जण करतात, आणि बाकीच्यांना रिकामं उभं राहायची सवय लागते. आठ जणांची वाटणी अशी: दोघं पाणी वाढणार, दोघं पेले धुणार, दोघं पाणी भरणार आणि सांडलेलं पुसणार, एक नोंदी ठेवणार, आणि टोलीनायक सगळीकडे नजर ठेवणार. दर अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. धुण्याच्या जागी कोणी कायमचं अडकलं तर ते मूल पुढच्या पाळीला येत नाही. पाळी कोणाची, कधी बदलायची, कोण आजारी आहे, हे टोलीनायकानेच ठरवावं. स्काऊटमास्तरांनी त्यात हात घातला की टोलीपद्धत कागदावरच राहते. मोठी माणसं दोन हवीत, पण ती मागे.

वेळ सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीशी गाठतो. भर दुपारी दहा-बारा वर्षांच्या मुलांना रस्त्यावर उभं करणं ही सेवा नाही. दुपारी पाणपोई चालू ठेवायची असेल तर नळ लावलेले माठ भरून ठेवावेत आणि शेजारच्या दुकानदाराला लक्ष द्यायला सांगावं. पालकांचं लेखी संमतिपत्र, महापालिकेच्या झोन कार्यालयाची परवानगी आणि ज्याच्या दुकानापुढे उभं राहायचं त्याचा होकार, हे तिन्ही अक्षय्य तृतीयेच्या आठ दिवस आधी हातात हवं. शेजारी पाण्याच्या बाटल्या विकणारी टपरी असेल तर आधी तिथं जाऊन बोलावं. त्याच्या धंद्याच्या तोंडावर मांडव घातला तर तो रोज कुरकुरणार, आणि त्याची कुरकुर मुलांना ऐकावी लागणार.

आता पाणी. २०० मिलीचा पेला धरला तर २० लिटरच्या माठातून शंभर पेले निघतात. सांडलवंड वजा करून ऐंशी-पंच्याऐंशीच धरावेत. सकाळच्या पाळीत पाचशे माणसं येतील अशी जागा असेल, सरवटे बस स्टँडच्या आसपास ती येतातच, तर पिण्याचं पाणी १२० लिटर लागेल. धुण्यासाठी १५ लिटरच्या तीन पाट्या, पाळीत एकदा बदलल्या तरी ९० लिटर. म्हणजे धुवायलाही पिण्याच्या पाऊणपट पाणी लागतं. हे पहिल्या दिवशी कुणाच्याच ध्यानात येत नाही. धुण्याचं पाणी संपलं की पेले नुसते खंगाळले जातात, आणि पाणपोई रोग वाटायला लागते.

इंदुरात नर्मदेच्या पाण्याचा नळ बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतो, म्हणून साठवणीचा एक झाकणाचा ड्रम हवाच. पाणी कुठलंही असो, नळाचं, बोअरचं, टँकरचं, ते चौपदरी सुती कापडातून गाळायचं आणि ड्रममध्ये क्लोरीनची गोळी टाकायची. बाजारात मिळणारी ०.५ ग्रॅमची गोळी साधारण २० लिटरला पुरते, तरी पाकिटावरचा आकडा वाचावा, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. गोळी कुटून थोड्या पाण्यात विरघळवावी, ड्रममध्ये ओतून ढवळावं आणि अर्धा तास थांबावं. बहुतेक चुका या अर्ध्या तासात होतात. रांग वाढलेली बघून मुलं पंधरा मिनिटांतच माठ भरायला घेतात. त्यासाठी ड्रमला खडूने वेळ लिहावी: ‘७.०५ ला टाकली, ७.३५ ला उघडायचा.’ गोळी माठात टाकू नये. माठाच्या आतल्या बुळबुळीत थरातच क्लोरीन खर्च होतं आणि पाण्यासाठी उरत नाही. गढूळ पाण्यातही तसंच होतं, म्हणून आधी गाळणं. गोळ्यांची बाटली उन्हात उघडी राहिली तर गोळ्यांचा जोर जातो.

माठ मालव्याच्या उन्हाळ्यासाठीच केलेला असावा असा वागतो. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, कोरड्या हवेत उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. हवा दमट असली की ही क्रिया मंदावते, म्हणून गणेशोत्सवात मिरवणुकीच्या वाटेवर ठेवलेल्या माठाचं पाणी कोमटच लागतं. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. त्याला रंग लावू नये. गेरूची नक्षी चालेल, ऑइल पेंटने छिद्रं बुजतात. साबणाने कधीच घासू नये. माती साबण पिऊन घेते आणि पुढचे चार दिवस पाण्याला वास येतो. रोज संध्याकाळी माठ रिकामा करून आतून काथ्याने घासावा आणि पालथा घालावा. नळाचा माठ घेतला तर आत-बाहेर दोन्हीकडे रबरी वॉशर लावून नट हातानेच आवळावा. पान्याने आवळला की माठाला तडा जातो.

बर्फाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. कारखान्यातल्या बर्फाच्या लाद्या माल गार ठेवण्यासाठी असतात, त्या कुठल्या पाण्याच्या आहेत हे आपल्याला कळत नाही. त्या पिण्याच्या पाण्यात टाकू नयेत. माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं की भागतं.

माठ ठेवायला घडवंची विकत आणू नये. स्काऊटकडे लाठ्या आहेत, दोरी आहे, गाठी येतात, मग ती मुलांनीच बांधावी. काठ साधारण बारा वर्षांच्या मुलाच्या कमरेशी यावा. भरलेला माठ पंचवीस किलोच्या वर जातो, तेव्हा गाठ मारली आणि झालं असं चालत नाही. प्रत्येक सांध्यावर खुंटागाठीने सुरुवात, मग दोन लाठ्यांभोवती तीन वेढे, आणि नंतर दोन्ही लाठ्यांच्या मधून आडवे दोन-तीन वेढे घेऊन कस. नवशिकी मुलं हा शेवटचा कसच विसरतात. वरून बांधणी घट्ट दिसते, पण माठ ठेवल्यावर सांधा कुरकुरतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुती आणि तागाची दोरी ओली झाली की आवळते, वाळली की सैल पडते. दिवसभर माठातून ठिबकून दोरी घट्ट असते, रात्री वाळून ढिली होते. म्हणून रोज सकाळी माठ ठेवण्याआधी टोलीनायकाने घडवंचीवर दोन्ही हातांनी भार देऊन बघायचं.

पेले स्टीलचेच घ्यावेत. एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, आणि कागदी पेल्यालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलेल्या शहरात स्काऊटच्या पाणपोईशेजारी चुरगळलेल्या पेल्यांचा ढीग शोभत नाही. पेले किती लागतील याचा हिशोब सोपा आहे. अडीच तासांत पाचशे माणसं म्हणजे मिनिटाला तीन-चार. धुवून, निथळून, वाळून पेला परत यायला पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे पन्नास पेले सतत फिरत राहणार. साठ घ्यावेत.

तीन पाट्यांपैकी पहिलीत भांडी घासायची पावडर, दुसरीत साधं पाणी, तिसरीत क्लोरीनचं. घरगुती ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर १० लिटर पाण्याला १० मिली, म्हणजे दोन छोटे सपाट चमचे. १५ लिटरच्या पाटीला तीन. हे मोजून टाकायचं काम मोठ्या माणसाचं, मुलांचं नाही. पेला त्यात पूर्ण मिनिटभर बुडलेला राहावा, मग जाळीवर पालथा. फडक्याने पुसू नये, अजिबात नाही. पाणपोईवरची सगळ्यात घाण वस्तू म्हणजे ते फडकं. पाटीतलं पाणी गढूळ दिसलं की वेळ झाली नसली तरी बदलायचं.

ज्यांच्याकडे बाटली आहे त्यांना चोंगा, म्हणजे नरसाळं, लावून बाटली भरून द्यावी. हमाल, फेरीवाले, झाडूवाल्या बायका, यांच्यातल्या बऱ्याच जणांना पेल्यापेक्षा ओंजळ बरी वाटते, आणि तिथं झारी लागते. ओंजळीत पाणी घालणं मुलांना शिकवावं लागतं. पिणारा किंचित वाकतो, ओंजळ ओठांना लावतो. धार पेन्सिलीएवढी हवी, आणि ती तळव्याच्या खोलगट भागात पडली पाहिजे, बोटांवर पडली तर शर्ट भिजतो. मुलाने नजर झारीवर ठेवायची नाही, पिणाऱ्याच्या गळ्यावर ठेवायची. घोट थांबला की धार थांबली. हात हलवून तो ‘बस’ म्हणेपर्यंत वाट बघितली तर पाव लिटर जमिनीवर गेलेलं असतं. स्काऊटच्या नियमांत काटकसर आहे आणि विनयशीलताही आहे. दोन्ही त्या एका मनगटात येतात. स्काऊट पैसे घेत नाही, म्हणून टेबलावर डबा ठेवायचा नाही. कोणी नाणं पुढे केलं तर हात जोडून परत करायचं.

सांडलेल्या पाण्याचा चिखल होतो, माणसं घसरतात. वाढायच्या जागेखाली खडी भरलेली पसरट पाटी ठेवावी. दुसऱ्या पाटीतलं पाणी बादलीने जवळच्या झाडाला घालावं, ब्लीचचं मात्र गटारात. डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही होतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ड्रम, पाट्या आणि पक्ष्यांसाठी ठेवलेली सकोरे, म्हणजे मातीची पसरट भांडी, पूर्ण कोरडे करायचे.

प्रथमोपचाराच्या पेटीत ओआरएस असावं, सरबत म्हणून वाटायला नव्हे. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं. तेच पाकीट एका पेल्यात घालून देणं ही नेहमीची आणि धोक्याची चूक आहे. लहान २०० मिलीचीही पाकिटं मिळतात, त्यामुळे घोटाळा होतो. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चक्कर, घाम, मळमळ असेल तर सावलीत झोपवून पाय वर, घोट घोट पाणी. पण माणूस बरळत असेल, अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर तो उष्माघात समजायचा. १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडत वारा घालायचा, मानेवर, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवायची. स्काऊटचा स्कार्फ इथं कामी येतो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. ही लक्षणं टोलीतल्या प्रत्येकाला पाठ हवीत, कारण ती टोलीतल्याच एखाद्या मुलात दिसू शकतात.

रेल्वे फलाटावर जलसेवा करायची असेल तर स्टेशन मास्तरांची लेखी परवानगी लागते आणि नियम कडक होतात. एका डब्याला दोन मुलं, एकाकडे कॅन, दुसऱ्याकडे झारी आणि चोंगा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पिवळ्या रेघेपुढे पाऊल नाही. डब्यात चढायचं नाही. एक लांब शिट्टी वाजली की अर्धी भरलेली बाटली तशीच परत द्यायची आणि मागे यायचं. गाडी हलल्यावर बाटली घेऊन धावणारं मूल दिसलं तर त्या दिवशीची सेवा तिथंच थांबवावी.

रोजची नोंद एका वहीत. किती माठ लागले (दर माठाला एक रेघ), गर्दी कधी होती, कोणती पाळी कोणी चुकवली, काय फुटलं. उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. आज तेरा-चौदाच्या असलेल्या मुलांतली कित्येक तेव्हा रोव्हर-रेंजरच्या, म्हणजे स्काऊट-गाईडच्या पुढच्या टप्प्याच्या, वयात असतील. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या त्या गर्दीत पाणी किती लागेल, पेले किती, माणसं किती, याचा अंदाज असल्या वहीतूनच बांधता येईल.

मृगाचा पहिला पाऊस झाला की माठ सावलीत दोन दिवस वाळवून पालथे ठेवायचे, फुटलेल्यांची खापरं कुंड्यांच्या तळाला घालायची, दोऱ्या धुवून वाळवून गुंडाळायच्या. वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीच्या टोलीनायकासाठी तीन ओळी: चावी कोणाकडे आहे, कोणत्या दुकानदाराने मदत केली, आणि काय कमी पडलं.